दाराशी कोण बांधलेली असायची

आमच्या स्टुडिओचं माहितीपत्रक छापायचं ठरलंय. नव्या पोरींनी लिहून आणलं, ‘एका पडीक गोठ्याचं कलेच्या मंदिरात रूपांतर झालं.’ मी वाचलं आणि कागद परत दिला. मंदिर म्हणे! डोंबलाचं मंदिर. निम्मं आयुष्य मी तिथे कोपरापर्यंत चिखलात हात घालून काढलंय. हवा जरा दमट झाली की भिंतींतून अजून गोमूत्राचा वास येतो, चुन्याचे कितीही हात द्या. आणि गोठा पडीक मुळीच नव्हता. बंद होता. पडीक आणि बंद यात फरक असतो, पण तो ह्या पोरींना कोण समजावणार?

तेव्हा खरं काय ते मीच सांगते. ऐकायचं असेल तर ऐका, मध्ये बोलू नका.

गोठा माझ्या सासऱ्यांचा. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. लांबलचक दगडी इमारत, वर कौलं, त्याखाली गवत ठेवायचा माळा. आत एका ओळीत आठ गाई. रस्त्याच्या बाजूला मोठं दार, त्यातून गाई आणि बाबा यायचे-जायचे. दुसऱ्या टोकाला घराकडचं एक बुटकं दार, त्यातून बायका-पोरं दुधाचे डबे घेऊन ये-जा करायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला गाईंची भीती वाटायची. बाबा म्हणायचे, “सूनबाई, त्यांना पण तुझी वाटते. हळू बोलत जा.” हळू बोलणं माझ्या पत्रिकेतच नाही, त्यामुळे मी फारशी आत जात नसे.

माझी नणंद मात्र गाईंतच वाढलेली. चालायला लागली तशी बाबांच्या मागे गोठ्यात. आई लवकर गेली होती, म्हणून बाबा तिला सोबतच ठेवायचे. ती मोठी झाली, शहरात चित्रकला शिकायला गेली. बाबांनी आडकाठी केली नाही, कौतुकही केलं नाही. “जा” म्हणाले, तेवढंच.

ती तिकडे असताना साथ आली. आजारी आमची एकच गाय होती, पण नियम असा होता की एक सापडली की सगळा गोठा नेऊन मारायचा. सरकारी डॉक्टर आले, सोबत माणसं, ट्रक. बाबा म्हणाले, “माझ्या गाईंना कुणी हात लावायचा नाही. मी सोडतो.” एकेकीचं दावं सोडलं, एकेकीला नाव घेऊन बाहेर आणलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि रडत होते. गाईंना भिणारी मी, पण रडले. ट्रक गेल्यावर बाबांनी आठही दावी भिंतीतल्या लोखंडी कड्यांना परत अडकवली, दार लावलं, हातपाय धुतले आणि पानावर येऊन बसले. जेवले नाहीत, नुसते बसले.

नणंदेला कळवायचं नाही असा हुकूम होता, तिची परीक्षा चालू होती. ती सुट्टीला आली तेव्हा बॅग खाली टाकून थेट बुटक्या दाराकडे पळाली. दार बंद. मग तिने बाबांना विचारलं, “मला का नाही सांगितलंत?” बाबा म्हणाले, “सांगून काय केलं असतंस? चित्र काढलं असतंस?”

झालं. तेवढं एक वाक्य तिने गाठीला बांधलं ते कायमचं. बाबा वाईट माणूस नव्हते हो. पण दुःखात माणूस हाताला लागेल ते फेकतो, आणि त्यांच्या हाताला ते लागलं. माझ्या नणंदेचा मात्र समज पक्का झाला की बाबांच्या लेखी तिचं काम म्हणजे पोरखेळ.

काही वर्षं शहरात नोकरी करून ती कंटाळून घरी आली. म्हणाली, “वहिनी, मला गोठा मागायचाय.” मी म्हटलं, “माग की. मला कशाला सांगतेस?” “तू मागून दे.” म्हणजे वाघाच्या गुहेत मी जायचं! गेले. बाबा पायरीवर बसले होते. मी एका दमात सगळं बोलून टाकलं: जागा रिकामी आहे, उजेड चांगला करून घेता येईल, मुलांचे वर्ग घेता येतील. बाबांनी ऐकून घेतलं. आत गेले, खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. “कड्या काढायच्या नाहीत,” म्हणाले. “आणि मी आत येणार नाही. मला बोलवायचं नाही.”

आमच्या स्टुडिओचा खरा इतिहास इथे सुरू होतो, आणि तो म्हणजे ह्या एका माणसाला त्या दारातून आत आणायचा इतिहास. बाकी सगळं, म्हणजे बक्षिसं, प्रदर्शनं, वर्तमानपत्रातले फोटो, हे पुढे आपोआप झालं. माझ्या नणंदेला त्यातलं काही नको होतं. ती मला माती कालवता कालवता म्हणाली होती, “वहिनी, बाबांनी एकदा आत येऊन बघावं. नाही आवडलं तरी चालेल. वाईट म्हणाले तरी चालेल. पण बघावं.”

गोठा साफ करायला आम्हाला किती दिवस लागले ते विचारू नका. कोळिष्टकं, उंदीर, माळ्यावर कुजलेलं गवत. आमचे हे वायरमन, त्यांनी दिवे बसवले, तेही रोज कुरकुरत. कौलं काढून तिथे काचा घातल्या, उजेडाचा लोंढा आत आला. जमिनीला धुण्यासाठी उतार होता आणि खाली नाली होती, ती मातीकामाला इतकी सोयीची निघाली की जणू कुणीतरी आमच्यासाठीच करून ठेवली होती. गव्हाणीत आम्ही ओली माती झाकून ठेवायला लागलो. कड्या काढल्या नाहीत. त्यांवरची दावीसुद्धा तशीच राहू दिली, आणि आमचे मातीने भरलेले अंगरखे वेगळ्या खिळ्यांना टांगले. घराकडचं बुटकं दार मात्र गेलं. तिथे भट्टी आणि फळ्या आल्या.

मी ह्यात कशी ओढली गेले? नणंद म्हणाली, “तुझे कणीक मळणारे हात आहेत, जरा माती मळून दे.” जरा! ते जरा अजून संपलेलं नाही. आधी मळून दिली, मग चाकावर बसले, मग पहिलं भांडं वाकडं झालं म्हणून चिडून दुसरं केलं. आता माझी भांडी लोक लांबून येऊन नेतात. त्यानंतर एक निवृत्त शाळामास्तर लाकूड कोरायला आले आणि तिथलेच झाले. घरी बायकोशी पटत नाही म्हणून येतात असं आम्ही म्हणायचो. पुढे बायकोही यायला लागली, तेव्हा आमची तोंडं बंद झाली.

रस्त्यात कुणी विचारलं, कुठे निघालात, की आम्ही सांगायचो, “गोठ्यात.” लोक हसायचे. आम्हाला दुसरं नाव सुचलंच नाही.

आणि बाबा? बाबा रोज सकाळी येऊन मोठ्या दाराबाहेर बसायचे. तिथे भिंतीला लागून एक दगडी बाक होता. भिंतीला पाठ टेकायची, काठी मांडीवर आडवी ठेवायची, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत हलायचं नाही. आत पाऊल टाकायचं नाही, पण आतला कारभार पुरता बघायचा! “सूनबाई, आज माती नीट मळली नाहीस.” “मास्तर, पटाशीला धार लावा, कानाला त्रास होतो.” एकही गोष्ट डोळ्यांनी न बघता हा माणूस आम्हाला दिवसभर सूचना द्यायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, “बाबा, आत येऊन मळून दाखवा की!” तर म्हणाले, “मी बाहेरच बरा. तुझं तोंड आत आहे.”

आलेल्या-गेलेल्याला पाय पुसायला लावायचे. कुणी भपकेबाज कपड्यांत आलं तर त्याची झाडाझडती. एकदा शहरातल्या मोठ्या कलादालनाच्या बाई आल्या होत्या, नणंदेची चित्रं बघायला, खास. बाबांनी त्यांना दारातच सांगितलं, “आत बघण्यासारखं काही नाही बाई. पोरी चिखल खेळतात.” त्या बाई हसून आत आल्या म्हणून बरं. पण नणंदेने ते ऐकलं होतं. बाई गेल्यावर ती मला म्हणाली, “बघितलंस? पोरी चिखल खेळतात.” मी जाऊन बाबांना फैलावर घेतलं. ते म्हणाले, “मग काय खोटं बोललो? चिखलच आहे ना?” त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही खवचटपणा नव्हता. खरोखर त्यांना वाटत होतं की आपण साधं उत्तर दिलं.

त्यांना आत आणायचे प्रयत्न आम्ही काय कमी केले? पहिल्या प्रदर्शनाला त्यांच्यासाठी मधोमध खुर्ची मांडली. बाबा धुतलेला शर्ट घालून आले. नणंद दारात उभी, मी तिच्या मागे. बाबा उंबऱ्यापर्यंत आले, थांबले, खाली बघितलं. आणि म्हणाले काय, तर “चप्पल चिखलाची आहे.” मी म्हटलं, “काढून या.” ते म्हणाले, “परत घालताना वाकावं लागतं.” गेले बाकावर. खुर्ची रात्रीपर्यंत रिकामी राहिली, तिच्यावर बसायची कुणाची टाप नव्हती.

मग मी एक नाटक केलं. नणंद नको नको म्हणत असताना मी फळीवरची मडकी खाली पाडली आणि जोरात ओरडले, “अगं आई गं, मेले मेले!” बाबा धावत आले, बरं का, ह्या वयात धावत. दाराशी आले आणि थांबले. तोंड पांढरंफटक. आणि त्यांनी काय केलं माहितीये? बाहेर पडलेला दोर उचलला आणि आत फेकला. दोर! “धर, धर!” म्हणून ओरडतायत. मी काय विहिरीत पडले होते? मी, नणंद, मास्तर, तिघंही हसून हसून लोळलो. बाबांनी चार दिवस माझ्याशी अबोला धरला. पण त्या हसण्यातही मला दिसलं होतं की त्यांचे पाय दारात नुसते अडकत नव्हते, गोठत होते. सून खाली चिरडली आहे असं वाटूनही तो माणूस ती एक पायरी चढू शकला नाही. त्यानंतर मी असली नाटकं बंद केली.

वर्षं गेली. मुलं वर्गाला यायची, मोठी व्हायची, आपली मुलं घेऊन परत यायची. आमचे केस पिकले. बाबा पार वाकले, पण बाक सुटला नाही. थंडीत मी त्यांना मागून गोधडी टाकायचे, ते ती झटकायचे, मी परत टाकायचे. नणंदेने लग्न केलं नाही, तिला गोठा पुरला. चित्रं चांगली विकली जायची, नाव झालं होतं. पण रोज काम संपलं की ती बाहेर येऊन बाबांशेजारी बसायची, आणि बाबा तिला विचारायचे ते एवढंच, “जेवलीस का?” आज काय केलंस, असं त्यांनी कधीच विचारलं नाही.

एक दिवस ती मला म्हणाली, “वहिनी, मी गाई काढणार आहे. आठही. प्रत्येक गाय खऱ्याखुऱ्या उंचीची, आणि तिच्या तिच्या जागी उभी करणार.”

माझं डोकंच फिरलं. “तू वेडी आहेस का? म्हाताऱ्याच्या जखमेवर मीठ चोळायचंय का तुला?”

“ते म्हणाले होते ना, चित्र काढलं असतंस? हो, काढलं असतं. मला तेवढंच येतं. ते काढायला मला इतकी वर्षं लागली.”

आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी दोन दिवस चाकाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर ती जमिनीवर बसून लाकडाच्या फळीवर रंग लावत होती, आणि फळीवर नुसतं एक भलंमोठं पोट होतं. पोट, चार पाय, आणि पार वर, लांब, दोन कान. मी म्हटलं, “ही काय गाय झाली?” ती म्हणाली, “मला तर अशीच दिसायची.” बरोबर होतं. लहान पोरीला गाय तशीच दिसणार, खालून. मी त्या पोटाकडे बघत राहिले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या पोटाची ऊब लागत होती मला. मी तिला म्हटलं, “काढ बाई. होईल ते होईल.”

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आठही फळ्या आपापल्या कडीखाली उभ्या केल्या. कुठली कुठे ते नणंदेने एकटीने ठरवलं. बाबांना विचारायची सोयच नव्हती, गाईंचा विषय त्यांच्यापुढे कुणी काढत नसे. पण तिला तोंडपाठ होतं. लाथाळ, तिच्या शेजारी ठेंगणी, मग आगाऊ, मग काळी, असं करत करत पार टोकाला म्हातारी. लोक यायला लागले. आत आलेला माणूस बोलायचाच बंद व्हायचा. मास्तर तर एका खांबाआड जाऊन चष्मा पुसत बसले.

बाबा बाहेर. मी त्यांचा चहा घेऊन गेले.

“आज गर्दी कसली?” त्यांनी विचारलं.

खरं तर काहीतरी थाप मारायची असं आमचं ठरलं होतं. पण माझ्या तोंडाला कुलूप कधी राहिलंय? मी म्हणाले, “गाई आल्यात.”

त्यांनी कप हातात घेतला नाही. मग हळूच म्हणाले, “कुणाच्या?”

“आपल्या. हिने काढल्यात. आठही उभ्या केल्यात, जिथल्या तिथे.”

बाबा समोर रस्त्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस बाकही सोडणार. आणि अशा वेळी मला गप्प बसवत नाही, म्हणून मी बोलतच सुटले. “छान झाल्यात हो बाबा. ही दाराशी लाथाळ उभी आहे, तिच्या पलीकडे ठेंगणी...”

“दाराशी कोण?”

“लाथाळ.”

“लाथाळ दाराशी?” बाबांनी मान वळवली. “डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? दाराशी लाथाळ बांधली तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडग्या राहतील का? लाथाळ पार टोकाला, भिंतीकडे! दाराशी म्हातारी असायची, तिला लांब चालवत नव्हतं!”

“हिला तर नक्की आठवतंय म्हणते.”

“काय डोंबल आठवतंय!” बाबा काठी टेकून उठले. “अगं, त्या ठेंगणीला रस्त्याचा गलका चालायचा नाही, बुजून दावं तोडायची! एका रात्रीत गोंधळ घालतील! कुणी बांधल्या अशा?” आणि बोलत बोलत, माझ्यावर काठी उगारत, ते उंबरा ओलांडून आत गेले.

मी चहाचा कप धरून तिथेच उभी. माझ्या तोंडून शब्द फुटेना, ही गोष्ट घरात आजही सांगितली जाते.

आत नणंद कुणाशी तरी बोलत होती, ती अर्ध्या शब्दावर थांबली. बाबांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते दाराजवळच्या फळीसमोर गेले आणि काठीने कडी ठोकली. “उचला हिला. हिची जागा ती तिकडे. मास्तर, बघता काय? धरा एका बाजूने.” मास्तर आणि आमचे हे मुकाट फळ्या उचलायला लागले. छान छान कपडे घालून आलेले पाहुणे भिंतीला चिकटून उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं प्रदर्शन उलटंपालटं व्हायला लागलं.

तेवढ्यात नणंद भानावर आली. बाप आत आलाय, इतकी वर्षं जे मागितलं ते झालंय, आणि ही बाई काय करते? भांडायला लागते! रक्तच तसलं. “बाबा, नाही! मला पक्कं आठवतंय. दार उघडलं की समोर लाथाळ. मी तिला भिऊन भिंतीला घासत पुढे जायचे.”

“लाथाळ कधीच दाराशी नव्हती.”

“होती! मी रोज बघायचे!”

“कुठल्या दाराशी?” बाबा ओरडले. आणि ओरडल्यावर एकदम थांबले. त्यांनी मान फिरवून गोठ्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं, जिथे आता भट्टी होती. ते तिकडे चालत गेले. फळ्यांवरची माझी कच्ची भांडी बाजूला सारली, मी ओरडलेसुद्धा नाही. मागे भिंतीत ते बुटकं दार होतं, चुन्याने लिंपलेलं. बाबांनी हात खाली नेला, पार कमरेच्याही खाली, आणि नखाने चुना खरवडला. आतून दाराची गंजलेली कडी निघाली.

“ही मी इथे खाली लावली होती,” ते म्हणाले. “तुझा हात पोचायचा नाही म्हणून. दूध न्यायला तू इथून यायचीस.”

नणंदेने त्या कडीवरून हात फिरवला.

“इथून आलं की लाथाळच पहिली,” बाबा म्हणाले. “तुझं बरोबर आहे. तू तुझ्या दाराने बांधल्यास.”

तिने तोंडावर हात धरला आणि ती रडायला लागली. अगदी हुंदके देऊन, लहान पोरीसारखी, पाहुण्यांसमोर. मीही रडले, मी कशाला लपवू? आमच्या ह्यांना मात्र प्रश्न पडला होता की फळ्या आता ठेवायच्या तरी कुठे. “बाबा, ही काळी जड आहे हो,” ते कळवळून म्हणाले, तेव्हा कुठे सगळे हसले.

फळ्या बाबांच्या दाराने लागल्या. नणंदच म्हणाली, “गाई तुमच्या, तुमच्या दाराने राहू देत.” पाहुणे गेल्यावर बाबा मधोमध खुर्चीवर बसले. खूप वेळ एकेकीकडे बघत होते. शेपट्या बारीक झाल्यात म्हणाले. ठेंगणीचा कान फाटका होता तो राहिला म्हणाले. मग म्हणाले, “काळी हुबेहूब आहे. अशीच उभी राहायची, एका पायावर भार टाकून.” नणंद जमिनीवर त्यांच्या पायाशी बसून ऐकत होती. तिला आयुष्यात मिळालेली सगळी बक्षिसं एकीकडे ठेवली असती तरी त्या वेळचा तिचा चेहरा तसा झाला नसता.

मला राहवेना. मी विचारलं, “बाबा, एवढी वर्षं का नाही हो आलात? ह्या पोरीने काय पाप केलं होतं?”

“तिने?” बाबांना खरंच आश्चर्य वाटलं. “तिचा काय संबंध?” मग बराच वेळ काठीची मूठ चोळत राहिले. “बाहेर भिंतीला पाठ टेकून बसलं की आत आवाज यायचे. तू माती आपटायचीस. मास्तरांची ठकठक. कुणीतरी पाणी ओतायचं. पाठीला कळायचं सगळं. डोळे मिटले की वाटायचं, त्याच आहेत. पाय आपटतायत, कूस बदलतायत. आत आलो असतो तर नसत्या.”

नणंदेचा चेहरा उतरला. मला तिच्या मनातलं कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. त्यांना आत आणायला आम्ही इतकी वर्षं जिवाचा आटापिटा केला, आणि आणलं म्हणजे काय केलं, तर त्यांच्याकडे जेवढं उरलं होतं तेही काढून घेतलं.

त्या रात्री ती झोपली नाही. सकाळी माझ्याही आधी गोठ्यात आली होती. बाबा नेहमीच्या वेळेला काठी टेकत आले, तेव्हा ती बाहेर धावली. बाक तिने पुसून ठेवला होता, वर गोधडी घातली होती. “बाबा, इथेच बसा. मी फळ्या माळ्यावर नेऊन ठेवते. दार लोटून घेते. वहिनी माती आपटेल. सगळं पहिल्यासारखं करते.”

बाबा बाकाकडे बघत उभे राहिले. मी आत हातात मातीचा गोळा धरून उभी होते, आपटू की नको ते कळत नव्हतं.

“आता बाहेर कशाला बसू?” ते म्हणाले. “आत कोण असतं ते बघितलं ना काल.”

त्यांनी नणंदेच्या खांद्याचा आधार घेतला, चप्पल काढली, आणि उंबरा चढून आत आले. आत येऊन तिच्या अर्धवट चित्राकडे बघितलं, मग वर काचांकडे बघितलं, ऊन कुठून येतंय ते नीट पाहून घेतलं.

“तुझ्या उजेडात येणार नाही,” ते म्हणाले, “अशी एक जागा सांग मला बसायला.”